अनुदान घेतलं म्हणजे बातमी विकली?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, त्यामुळे धर्मादाय फाउंडेशनच्या अनुदानावर चालणारी माध्यमं देणगीदार सांगेल तेच छापतात. त्यापेक्षा जाहिरातींवर चालणारी बरी, ती निदान वाचकाला बांधील असतात. आणि ‘लोकहित’ हा नुसता देखावा, फाउंडेशनं नसती तरी कुणाचं काही अडलं नसतं. संशय घेणं रास्तच आहे, पण नेम चुकला आहे.

‘देणगीदार सांगेल तेच.’ अमेरिकेतली ‘प्रोपब्लिका’ ही शोधपत्रकारितेची संस्था 2007 मध्ये सँडलर दांपत्याच्या फाउंडेशनच्या पैशावर उभी राहिली. कट्रीना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या एका रुग्णालयात अडकलेल्या रुग्णांचं काय झालं, याचा तिने छडा लावला आणि 2010 मध्ये त्या वृत्तान्ताला पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. इतकं वेळखाऊ आणि कोर्टकचेरीची टांगती तलवार असलेलं काम कुठला जाहिरातदार पुरस्कृत करील?

फाउंडेशनचा प्रभाव नसतो असं मात्र नाही. तो मजकुरात शोधून सापडत नाही, विषयांच्या निवडीत सापडतो. 2010 मध्ये गेट्स फाउंडेशनच्या मदतीने ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने जागतिक विकासावर वेगळा विभाग सुरू केला. एरवी कोपऱ्यात जाणाऱ्या विषयांना त्यामुळे हक्काची जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण ज्या विषयाला देणगीदार नाही, त्याला वार्ताहरही नाही. शिवाय आरोग्य आणि विकासाच्या क्षेत्रात सगळ्यात मोठा खर्च करणाऱ्यांपैकी एक जर बातमीचाही खर्च उचलत असेल, तर त्याच्या कामाची झाडाझडती कोण घेणार? यासाठी हुकूम सोडावा लागत नाही. अनुदान कशासाठी, किती वर्षांचं, कोणत्या अटींवर, हे वाचकाला दिसलं पाहिजे, अशी मागणी त्या मजकुराने केली असती तर मीही तो पुढे पाठवला असता.

जाहिरातीचं माध्यम वाचकाला बांधील? ते बांधील असतं जाहिरातदाराला हव्या असलेल्या वाचकाला. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो या हिशेबात बसतच नाही. गरीब घरातल्या मुलांना शाळेआधी टीव्हीवरून काही शिकवता येईल का, हा प्रश्न 1966 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी कॉर्पोरेशनने (नावात कॉर्पोरेशन असलं तरी हेही एक फाउंडेशनच) पैसे देऊन अभ्यासायला लावला. त्यातून 10 नोव्हेंबर 1969 रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ हा मुलांचा कार्यक्रम पडद्यावर आला. खर्च सुमारे 80 लाख डॉलर; जवळपास निम्मा सरकारचा, बाकीचा प्रामुख्याने कार्नेगी आणि फोर्ड फाउंडेशनचा.

राहिला ‘काही अडलं नसतं’ हा मुद्दा. कार्नेगीनेच नेमलेल्या आयोगाने जानेवारी 1967 मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीचा आराखडा मांडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. एका खासगी संस्थेच्या अहवालाला इतक्या लवकर कायद्याचं रूप येतं, हे कौतुकाचं आणि थोडं धास्तीचंही. पण टीव्ही संचांवर कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, ही आयोगाची कळीची सूचना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मानली नाही. पैसा दर खेपेला सरकारच्या मर्जीवर राहिला. 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या निधीच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. 2025 मध्ये तर काँग्रेसने आधीच मंजूर केलेले दोन वर्षांचे सुमारे 110 कोटी डॉलर परत काढून घेतले.

तेव्हा फाउंडेशनं धावून आली. नाइट, मॅकआर्थर, फोर्ड आणि इतरांनी तातडीची मदत म्हणून सुमारे 3.7 कोटी डॉलर देऊ केले. गेलेल्या रकमेच्या तिसाव्या हिश्श्याइतके. माध्यमं खिशात घालून बसलेले सर्वशक्तिमान देणगीदार या आकड्यात दिसत नाहीत, आणि फाउंडेशनच्या वार्षिक अहवालांतले तारणहारही दिसत नाहीत. सरकारी अनुदानावर जास्त विसंबून असलेल्या ग्रामीण भागातल्या छोट्या प्रसारण केंद्रांना ही भरपाई पुरणारी नव्हती.