पट्टी म्हणते एक, आकडा सांगतो दुसरंच

असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803, मराठे विरुद्ध इंग्रज. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात सगळा खेळ. कोणती पलटण नदीपासून किती लांब, हे कळलं तर लढाई कळली. आणि नकाशे बनवणारे काय करायलेत? बाण झोकात काढतात, तोफांची चित्रं चिकटवतात आणि मोजपट्टी शेवटी कोथिंबिरीसारखी भुरभुरवून मोकळे!

क्यूजीआयएस म्हणजे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या रिकाम्या प्रोजेक्टात आधी ऑनलाइन बेसमॅप, म्हणजे खाली अंथरायचा तयार नकाशा, ओढला की प्रोजेक्ट गुपचूप ईपीएसजी 3857 वर जातो. म्हणजे वेब मर्केटर, गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची एक पद्धत. असईच्या अक्षांशावर तो अंतरं साडेसहा टक्के फुगवतो. मग खाली ऐटीत 1:25,000 (कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 250 मीटर) छापलेलं असतं आणि कागदावरचं खरं प्रमाण पडतं 1:23,500 च्या आसपास. पट्टी मात्र एलिप्सॉइड, म्हणजे पृथ्वीचा खरा गोलसर आकार, धरून मोजते, म्हणून ती बरोबर. एका कागदावर दोन साक्षीदार, दोन जबान्या! अरे, प्रोजेक्टचा सीआरएस (नकाशा कोणत्या पद्धतीनं पसरायचा ती सेटिंग) 32643 करायला असा किती वेळ लागतो? म्हणजे यूटीएम 43 उत्तर, पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांपैकी आपल्याकडची पट्टी, तिच्यात अंतरं फुगत नाहीत म्हणावी इतकी बरोबर येतात. किनवटकडचा तुकडा 78 अंश रेखांशापलीकडे जातो, तो सोडला तर मराठवाडा जवळपास सगळा त्यात बसतो.

तो 1:25,000 चा आकडाही छापता काहून? ए3 चा नकाशा झेरॉक्सवाल्यानं ए4 वर आणला की 1:25,000 चं 1:35,000 झालं. मोबाईलवर तर विचारूच नका. पट्टी नकाशासोबत लहान होते, आकडा होत नाही. पट्टी ठेवा, आकडा उडवा.

आता कोस, अंतराचं जुनं माप. जुन्या लढाईला कोसाची पट्टी हवी, हौस चांगली आहे. कोस जागोजागी वेगळा, पण 2 मैल म्हणजे 3.2 किलोमीटर धरायचा ठरवलात, तर पट्टीच्या सेटिंगमध्ये युनिट किलोमीटर ठेवा, लेबल युनिट मल्टिप्लायर 3.2 करा, लेबलात ‘कोस’ लिहा. इथवर सगळे येतात. पण फिक्स्ड विड्थ, म्हणजे पट्टीच्या एका खणाची लांबी, हीही 3.2 करावी लागते, ती 1 वरच राहते आणि पट्टीवर उमटतं ‘0.3125 कोस’. असं कुणी कधी अंतर सांगितलंय? तरी ते तसंच छापायला जातं!

कोपऱ्यात जिल्ह्याचा छोटा नकाशा टाकला असेल तर पट्टी नेमकी कोणत्या नकाशाला जोडली आहे, ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. छोट्याला जोडलेली पट्टी मोठ्या नकाशाखाली ठेवली की केळणा ओलांडायच्या उताराची रुंदी गोदावरीला लाजवते.

लेजंडची, म्हणजे चिन्हांच्या सूचीची, तर लईच बोंब. ‘पॉइंट_फायनल_2_कॉपी’ हे लेयरचं (नकाशातल्या एका थराचं) नाव जसंच्या तसं सूचीत. चिन्हं वर्गवार वेगळी केली, म्हणजे कॅटेगराइज्ड केलं, की शेवटी नाव नसलेला एक वर्ग उरतो, तो लेयरच्या सिम्बॉलॉजीतच (चिन्हांच्या सेटिंगमध्ये) उडवायचा असतो. सूचीत एक बिननावाचं चिन्ह बसलेलं, ती पलटण कुणाची? ऑटो अपडेटची खूण काढल्याशिवाय सूचीतलं काही बदलत नाही, आणि सगळं मराठीत नीट लिहून झाल्यावर तीच खूण परत लावली की केलेलं सगळं पाण्यात. फॉन्टही शीर्षक, गट, उपगट, आयटम असा चार जागी बदलावा लागतो. तीन जागी बदलतात, चौथ्यावर कंटाळतात.

रंगाचं काय सांगावं! एक फौज लाल, दुसरी हिरवी, आणि छापायचं काळ्या-पांढऱ्यात. दोन्ही सारख्याच करड्या. एका बाजूचे चौकोन भरीव, दुसऱ्या बाजूचे पोकळ करा. घोडदळाला एक तिरपी रेघ, पायदळाला फुली, ही लष्करी नकाशांची जुनी रीत आहे, ती पाळली तर रंग लागतच नाही.

आणि बाजीरावाच्या निजामाविरुद्धच्या पालखेड मोहिमेच्या नकाशावर नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, निळाशार! साल 1728, जायकवाडी पूर्ण झालं 1976 ला. बेसमॅप आजचाच ठेवायचा असेल तर सूचीत एक ओळ तरी टाका: ‘आजचा जलाशय, त्या वेळी नव्हता.’ तेवढंही होत नाही. बाण जरा दक्षिणेला सरकला की बाजीरावाचं घोडदळ धरणात पोहायलंय.