लेटरहेड नाही, मग शिक्का?

परवा एका साहेबांनी माझ्याकडे लेटरहेड मागितलं. मी फुकट सॉफ्टवेअर वाटणारा माणूस, माझ्याकडे कुठलं लेटरहेड! पण साहेब पडले आमच्या साडूंच्या ओळखीतले, नंबरही त्यांनीच दिलेला. फोन आपटायची सोय नव्हती.

स्टेटमेंटच्या फायलींतून तारखा आणि रकमा वेचून काढणारी सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतली एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड) मी नोकरी सांभाळून चालवतो. ओपन सोर्स आहे, कुणीही घ्यावी. साहेबांच्या कार्यालयाने घेतली.

"सर, तुमचं सॉफ्टवेअर पडतंय."

"कंपायलर कुठला आहे?" मी विचारलं. कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर.

"जीसीसी. त्याची काही तक्रार नाही."

"व्हर्जन?"

पलीकडे कुणाला तरी हाक गेली, खुर्ची सरकली, कुणीतरी कुणाला तरी पासवर्ड ओरडून सांगितला (तो आता मलाही माहीत आहे). मग उत्तर आलं, "चार पॉइंट आठ पॉइंट पाच."

म्हणजे सेंटओएस ७ नावाची जुनी लिनक्स. म्हणजे रेजेक्सचा घोळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मजकुरातून ठरावीक नमुना शोधायची सोय सी प्लस प्लसच्या स्टँडर्डमध्ये २०११ साली आली. जीसीसी ४.८ मध्ये तिची हेडर फाइल आहे, फंक्शनांची नावं आहेत, पण आत धड काम करणारा कोड नाही. दुकानावर पाटी, दिवे लागलेले, आणि आत मालच नाही. कंपायलर चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम चालवला की मग तोंडावर आपटतो. एप्रिल २०१४ मध्ये ४.९ आला आणि हे दुरुस्त झालं. त्यानंतर दोनच महिन्यांनी रेड हॅट कंपनीची लिनक्स ७ बाजारात आली, ती ४.८ घेऊन. सेंटओएस ७ तिचंच भावंड. या दोन महिन्यांची वसुली जगभरचे मेंटेनर, म्हणजे माझ्यासारखे ओपन सोर्स सांभाळणारे, अजून भरताहेत.

हे सगळं मी साहेबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण कंपाइल होतंय ना सर? एकही एरर नाही. म्हणजे कंपायलर बरोबर आहे. चूक तुमच्याकडेच."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, जुन्याला धक्का न लावता शेजारी नवा कंपायलर बसवता येतो, डेव्हटूलसेट म्हणतात त्याला.

"नवीन काही टाकायला परवानगी नाही. सिक्युरिटी."

"अहो, सेंटओएस ७ चे सिक्युरिटी अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झाले."

"तेच तर. आता त्यात काही बदलत नाही. एकदम स्टेबल."

शिवाय त्या मशिनवर 'हात लावू नये' असा कागद चिकटवलेला आहे म्हणे. तो चिकटवणारे गृहस्थ रिटायर झाले. कागद काढायचा तर त्यांना विचारावं लागेल, आणि त्यांचं-साहेबांचं बोलणं नाही.

मग मुद्द्याची गोष्ट आली. "सर, एक करा. सदर सॉफ्टवेअर आमच्या कंपायलरवर चालेल अशी हमी लेटरहेडवर द्या. ऑडिटला लागते."

"माझ्याकडे लेटरहेड नाही."

"मग शिक्का?"

"शिक्काही नाही."

"काहीच नाही?" त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "मग तुम्ही हे करता कशावर?"

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांचं बरं असतं. इतकी वर्षं सी भाषेच्या १९८९ च्या स्टँडर्डला धरून बसले आणि २०२२ मध्ये कर्नल ५.१८ ला उठून थेट २०११ च्या सी-११ वर गेले. जीसीसी ५.१ च्या खालचं काही चालणार नाही, हे त्याआधीच ठरवून मोकळे. लिनक्सच्या जनकाकडे, टोरवाल्ड्सकडे, शिक्का मागायची कुणाची टाप आहे? आमच्यासारख्यांनी मात्र 'बघतो' म्हणायचं. मी 'बघतो' म्हटलं.

बघणं म्हणजे काय, तर शनिवार गेला. टेस्टसाठी सेंटओएस ७ चा कंटेनर (माझ्याच मशिनवरची तिची बंदिस्त प्रत) उघडला, तर यम, म्हणजे तिथे सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम, ज्या पत्त्यावर पॅकेजं शोधतो तो पत्ताच उठलेला. हे पत्ते असलेल्या रेपोच्या फायली हाताने बदलून त्याला व्हॉल्ट या जुन्या साठ्याकडे वळवलं. माझा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबच्या ऑटोमॅटिक टेस्ट तिथे चालेनात, कारण त्या चालवणाऱ्या नव्या नोड या प्रोग्रॅमला लिनक्सची मूळ लायब्ररी ग्लिबसी २.२८ लागते आणि इथे २.१७. शेवटी रेजेक्सची एक सुटसुटीत ओळ होती, तिच्या जागी अक्षर-अक्षर तपासणारं लांबलचक लूप लिहिलं. दोन्ही ठेवायचे, म्हणून मध्ये कुठल्या कंपायलरने कुठला कोड घ्यायचा ते सांगणारे हॅश इफ, हॅश एल्स, हॅश एंडइफ. आता तो कोड वाचणारा प्रत्येक नवा पोरगा विचारणार, हे असं का? आणि त्याला साहेब समजावून सांगायचे मी.

राग जुन्या कंपायलरचा नाही. जुनी लिनक्स सांभाळून द्यायचे कंपन्या रीतसर पैसे घेतात, आणि घ्यावेतच, काम किचकट आहे. पण ज्या कार्यालयाला तो खर्च नको असतो त्याची बचत माझ्या शनिवारातून होते, आणि वर मलाच हमीपत्र मागतात. साहेबांच्या ऑडिटमध्ये ही रक्कम कुठल्या रकान्यात दिसत असेल?

रात्री मी त्यांना कळवलं, झालं, घ्या. लगेच फोन. आभार वगैरे काही नाही.

"सर, आमच्या दुसऱ्या शाखेत सेंटओएस ६ आहे. तिथे पण चालेल ना?"

तिथे जीसीसी ४.४.७. त्यात सी प्लस प्लसच्या २०११ च्या सोयींपैकी लॅम्डा नाहीत, नलपीटीआर नाही, रेंजवाला फॉर नाही. म्हणजे माझी अख्खी लायब्ररी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायची.

"तिथे किती जण वापरणार आहेत?" मी विचारलं.

"वापरणारं कुणी नाही सर. ती शाखा बंद झाली. फक्त सर्व्हर चालू आहे."