टाकं, टँक आणि थान्ख

शांघायमध्ये आमच्या शेजारची सातवीतली मुलगी आठवड्यातून दोनदा इंग्रजीचा अभ्यास घेऊन माझ्याकडे येते. परवा धड्यात 'फिश टँक' आलं आणि ती अडली. माशांना रणगाडा कशाला? तिच्या लेखी टँक म्हणजे 'थान्ख', तोफ लावलेला. चिनीने हा शब्द इंग्रजीतून उच्चारासकट उचलला, पण फक्त लढाईच्या गाडीपुरता. पाण्याची टाकी म्हणजे 'श्वेइश्यांग', पाण्याची पेटी. आणि मासे राहतात 'यूगांग'मध्ये, म्हणजे माशांच्या रांजणात.

मी तिला सांगितलं, आधी पाणी, मग तोफ. 1915च्या अखेरीस ब्रिटिशांनी ही नवी गाडी गुप्त राहावी म्हणून तिला 'टँक' म्हणायचं ठरवलं. विचारलंच कुणी, तर पाण्याची टाकी. 15 सप्टेंबर 1916ला ती पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत उतरली आणि तेच नाव चिकटलं. इंग्रजी कोशकार या शब्दाचं मूळ गुजरातीत आणि मराठी 'टाक्या'त दाखवतात, पोर्तुगीज 'तांक'चाही त्यात हात मानतात. मग तिला शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्यांचा फोटो दाखवला. कातळात खोदलेलं ते टाकं ती बोटांनी मोठं करकरून बघत होती.

त्याच रात्री गावच्या मित्रांच्या ग्रुपवर वाद पेटला होता: मराठीतून इंग्रजी शब्द हाकलायचे की नाही. हाकलावेत, असं मलाही पूर्वी वाटायचं. इथे राहून मत बदललं. चिनी माणूस सोफ्याला बिनदिक्कत 'शाफा' म्हणतो, कॉफीला 'काफेइ'. टेलिफोनलाही आधी उच्चारावरूनच घेतलेलं नाव होतं; पुढे 'द्येनह्वा', विजेचं बोलणं, हा शब्द आला आणि तोच टिकला. कम्प्युटर म्हणजे 'द्येननाओ', विजेचा मेंदू. शाळेत, विद्यापीठात, कारखान्यात, दुकानात हेच शब्द रोज तोंडी असतात, म्हणून ते जगले. आपला 'संगणक' काय वाईट आहे? पण तो शिकायचा इंग्रजीतून, मग शब्द उरतो सरकारी कागदावर. 'रणगाडा' बघा, बातम्यांत सतत वाचून कसा रुळला! 3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी इथे घरी शिरा केला होता. तो आनंद खराच होता. पण अकरावी-बारावीचं विज्ञान, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी मराठीतून सर्रास कधी शिकवणार, यावर ग्रुपवर अवाक्षर नाही, आणि मला भांडायचं आहे ते त्यासाठी.

काल ती वही घेऊन आली. टँकपुढे तिने दोन चित्रं काढली होती, काचेत मासा आणि कातळात पाणी. दुसऱ्याखाली जागा मोकळी ठेवली होती. म्हणाली, इथे तुमच्या अक्षरांत लिहून द्या.