न जेवणाऱ्या मुलीच्या शेजारी कोण बसणार?

मार्च २०२५ मध्ये केरळमधील एका अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. वजन वाढेल या धास्तीने तिने कित्येक महिने खाणे जवळजवळ सोडले होते, आणि डॉक्टरांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसा या आजाराची शक्यता बोलून दाखवली होती. त्या बातमीवर महाराष्ट्रातील नातेवाईक आणि परिचितांकडून माझ्यापर्यंत ज्या प्रतिक्रिया पोहोचल्या, त्यांत दोनच सूर होते: मोबाइलने मुलींचे वाटोळे केले, किंवा बारीक होण्याचे वेड जिवावर बेतले. मी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते, आणि या दोन्ही सुरांना माझी गंभीर हरकत आहे. पहिल्यात दोष यंत्राला दिला जातो, दुसऱ्यात मुलीला, आणि आजाराकडे आजार म्हणून कोणीच पाहत नाही.

ॲनोरेक्सियाइतके मृत्यू फार थोड्या मानसिक आजारांत होतात, आणि त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा आत्महत्यांचा असतो. त्याची मुळे अंशतः आनुवंशिक आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाला या आजाराशी निगडित जनुकीय जागा सापडल्या आणि त्यांचा संबंध मनाइतकाच शरीराच्या चयापचयाशीही असल्याचे दिसले. स्वभावाचा वाटाही मोठा असतो. सगळे अचूक झालेच पाहिजे हा अट्टहास, लहानपणापासूनची चिंता, अनिश्चितता सहन न होणे, हे अशा मुलामुलींत वारंवार आढळते. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या मांडणीनुसार ॲनोरेक्सिया असो वा बुलिमिया (अनावर खाऊन मग उलट्या वगैरे करून ते शरीराबाहेर काढण्याचा आजार), गाभा एकच असतो: स्वतःची किंमत जवळजवळ संपूर्णपणे वजन आणि शरीराच्या आकारावरून ठरवणे. दहावीच्या टक्क्यांवरून मुलांची किंमत ठरवणाऱ्या आपल्या समाजाला ही मनोरचना समजायला अवघड जाऊ नये.

मात्र मानसिक कारणांची चर्चा करताना एक गोष्ट नेहमी निसटते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन जवळपास चतुर्थांशाने घटले. ज्यांना आधी खाण्याची कसलीही अडचण नव्हती, ते तरुण पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घासांचे बारीक तुकडे करून तासन्‌तास जेवू लागले, चिडचिडे, उदास आणि एकलकोंडे झाले. म्हणजे ज्या वागण्याला आपण मुलीचा हट्ट म्हणतो, त्यातील बरेचसे उपाशी मेंदूचे वागणे असते. ‘आधी मन शांत होऊ दे, मग आपोआप खाईल’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे, कारण पोटात अन्न गेल्याखेरीज त्या मनापर्यंत समजुतीचे शब्द नीट पोहोचत नाहीत.

आपल्याकडे खाण्याविषयी बोलले जात नाही, असे मुळीच नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या सल्ल्याप्रमाणे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवावे, की ऋजुता दिवेकर सांगतात तसे थोड्या थोड्या वेळाने घरचे, साजूक तुपासह खावे, यावर मराठी घरांत वर्षानुवर्षे वाद झडले आहेत. लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या संदर्भात तो वाद महत्त्वाचा आहे आणि त्या दोघांशी माझे भांडण नाही. मला सलते ते एवढेच, की या साऱ्या चर्चेत कमी खाणे म्हणजे संयम आणि संयम म्हणजे सद्गुण, हे समीकरण कोणी तपासून पाहत नाही. त्यात सोमवार, संकष्टी, एकादशी आणि चातुर्मासाचे नेम येतात. बहुतेकांसाठी उपवास हा श्रद्धेचा सुंदर भाग आहे, आणि तो तसाच राहावा. पण आजारी मुलीला न जेवण्याचे असे कारण मिळते की ज्याला घरात कोणी हरकत घेत नाही, उलट कौतुकच होते.

आजार लपण्याची याहून मोठी जागा डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे. ॲनोरेक्सियाच्या रुग्णाला जाड होण्याची भीती वाटते, हे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत ठळकपणे लिहिलेले असते. पण मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये हाँगकाँगमधील ७० रुग्णांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांतील ४१ जणांत ती भीती आढळली नाही. पोट फुगते, भूक लागत नाही, अशी कारणे हे रुग्ण देत होते. दिल्लीतील डॉक्टरांनी १९९५ मध्ये नोंदवलेल्या पाच भारतीय रुग्णांचे चित्रही बरेचसे असेच होते: खाण्यास नकार, उलट्या, घटलेले वजन आणि बंद झालेली पाळी. महाराष्ट्रात अशी मुलगी पित्ताची गोळी घेते, तिची एंडोस्कोपी होते, रक्ततपासण्या होतात, टॉनिक दिले जाते, आणि मानसोपचारतज्ज्ञाचे नाव निघेपर्यंत कित्येक महिने निघून गेलेले असतात.

हे गोऱ्या श्रीमंतांचे दुखणे आहे, हा समज मला इथल्या मराठी मंडळींतही भेटतो. मी राहते त्याच ब्रॅडफर्डमध्ये १९८८ साली शाळकरी मुलींची पाहणी झाली होती, आणि भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांतील मुलींत बुलिमियाचे प्रमाण गोऱ्या मुलींपेक्षा जास्त आढळले होते. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले, की जास्त त्रास अधिक पारंपरिक घरांतील मुलींना होता. पाश्चात्त्य वारे लागले म्हणून मुली बिघडल्या, हे सोपे उत्तर त्या आकड्यांत बसत नाही. दोन जगांच्या अपेक्षा एकाच मुलीवर लादल्या जातात आणि तिच्या हाती स्वतःचे म्हणून काहीच उरत नाही, तेव्हा निदान आपल्या ताटावर तरी आपली सत्ता असावी असे तिला वाटू शकते.

उपचारांच्या बाबतीत मात्र इंग्लंडने आपल्या उपयोगाचे काही घडवले आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात किशोरवयीन रुग्णांसाठी कुटुंबोपचाराची पद्धत विकसित झाली आणि १९८७ मध्ये तिच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी वयात आजार जडलेल्या आणि तो तीन वर्षांपेक्षा जुना नसलेल्या मुलींना वैयक्तिक समुपदेशनापेक्षा या पद्धतीचा अधिक फायदा झाला. तिचे पहिले तत्त्व असे, की आईवडिलांना दोषी धरायचे नाही. दुसरे तत्त्व असे, की मुलगी आणि आजार वेगळे मानायचे. ताट ढकलणारा हात तिचा असला तरी तो हलवणारी भीती आजाराची आहे. मग पालकांनी काही काळ खाण्याचे सगळे निर्णय आपल्याकडे घ्यायचे, प्रत्येक जेवणाला शेजारी बसायचे, न ओरडता, गयावया न करता, घास संपेपर्यंत थांबायचे. वजन सावरले की तो ताबा हळूहळू मुलीकडे परत द्यायचा, आणि त्यानंतर तिच्या वयाच्या इतर प्रश्नांकडे वळायचे. फार काळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावे लागतात. प्रौढांसाठी आणि बुलिमियासाठी सीबीटीसारखे (विचार आणि वागणे बदलायला शिकवणारे) वेगळे मानसोपचार आहेत.

तरीही इंग्लंडचे सगळेच अनुकरणीय आहे, असे मी म्हणणार नाही. किशोरवयीन मुलामुलींपैकी तातडीच्या रुग्णाला एका आठवड्यात आणि इतरांना चार आठवड्यांत उपचार मिळावेत, असे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, म्हणजे एनएचएसचे, उद्दिष्ट आहे. कोविडनंतर रुग्ण वाढले आणि ते पुरे होईनासे झाले. केवळ बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) पाहून उपचार नाकारू नयेत, असे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात, पण तुमचे वजन अजून पुरेसे उतरलेले नाही, हे वाक्य ऐकून परतलेले रुग्ण आजही भेटतात. आजारी व्यक्तीला याहून घातक निरोप दुसरा नसेल.

महाराष्ट्रात शेजारी बसायला माणसे आहेत. आजी आहे, मावशी आहे, जेवायला एकत्र बसण्याची रीत बऱ्याच घरांत टिकून आहे. इंग्लंडमधील कुटुंबांना तेवढ्यासाठी नोकरीतून रजा मिळवताना नाकी नऊ येतात. उणीव आहे ती प्रशिक्षणाची, कारण न शिकवता शेजारी बसलेले माणूस टोमणे मारते, तुलना करते किंवा रडते. म्हणून माझी अपेक्षा नव्या इमारतींची नाही. लंडनमध्ये तयार झालेली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली स्कॉफ ही खाण्याच्या आजारांची शंका ओळखणारी पाच प्रश्नांची चाचणी फॅमिली डॉक्टर दोन मिनिटांत घेऊ शकतात. तिच्यातील एक प्रश्न स्वतःला जाड समजण्याविषयी आहे, आणि तो आपल्याकडच्या अनेक मुलींच्या बाबतीत फसेल. म्हणून उपवास अलीकडे किती वाढले, कोणते पदार्थ एकेक करून बंद झाले, पाळी नियमित आहे का, हेही विचारायला हवे. शंका आल्यास नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम त्याच दिवशी पाहावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. १४४१६ या क्रमांकावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा २०२२ पासून मराठीतही उपलब्ध आहे. तिथे फोन घेणाऱ्या समुपदेशकांना कुटुंबोपचाराची ही पद्धत शिकवली, तर घाबरलेल्या आईला संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी नेमके काय करायचे, हे त्याच दिवशी सांगता येईल.