अ‍ॅम्बेसेडरचे पाटे कापायला निघालेल्यांसाठी

काही दिवसांपासून एक व्हिडिओ आणि त्याखालचा लांबलचक मजकूर गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. मी तो न पाहताच पुसून टाकत होतो. पण परवा परतवाड्याकडच्या माझ्या भाच्यानेच तो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, आपल्या अ‍ॅम्बेसेडरले हेच करून टाकू. मिस्त्री तयार आहे." मिस्त्री तयार आहे म्हटल्यावर गप्प बसून चालणार नव्हतं.

मजकूर थोडक्यात असा: मागच्या चाकांवर चालणारी कोणतीही जुनी गाडी घ्या, अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जीप, ओम्नी, काहीही. मागचा सरळ अ‍ॅक्सल (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी अखंड नळी) आणि कमानपाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून फेका, इंडिपेंडंट सस्पेन्शन बसवा, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होईल. खर्च ३५ हजार, काम एका दिवसाचं. गाडी मर्सिडीजसारखी चालेल, ओझं जास्त उचलेल, मायलेज वाढेल, आरटीओला विचारायची गरज नाही. आणि कंपन्यांनी हे आजवर मुद्दाम लपवून ठेवलं.

आधी ते "एका दिवसाचं काम" बघू, कारण माणूस मरेल तो त्यानेच. व्हिडिओत अ‍ॅक्सलची नळी डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या मधल्या गोळ्याच्या) दोन्ही बाजूंना गॅस कटरने कापली आहे. कापल्या जागी प्रोपेलर शाफ्टचे (ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे हलते सांधे, बसवलेत, डिफरन्शियलचा गोळा खालच्या पत्र्याला वेल्ड केलाय, पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत. झालं म्हणे इंडिपेंडंट!

हे करणाऱ्याला पाटा म्हणजे फक्त स्प्रिंग वाटते. अ‍ॅम्बेसेडरमध्ये पाटा धक्का खातोच, पण मागचा अख्खा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणाराही तोच असतो. अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये, डावी-उजवीकडे जाऊ नये, आणि क्लच सोडल्यावर स्वतःभोवती फिरू नये, ही तिन्ही कामं ते दोन पाटे आणि त्यांना नळीशी आवळणारे चार यू-बोल्ट करतात. पाटे काढले की ही कामं दुसऱ्या कुणीतरी करावी लागतात. व्हिडिओत ती कोण करतं? मला तरी दिसलं नाही.

ताकदीचा साधा हिशोब करा. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ, १० किलोग्रॅम-मीटर धरा, पहिला गिअर चारपट, क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकं) साडेचारपट. चाकांवर गेला १८० किलोग्रॅम-मीटर. तेवढाच उलटा पीळ डिफरन्शियलच्या गोळ्याला बसतो. मीटरभर लांब पहारेच्या टोकाला १८० किलोचं पोतं टांगा आणि दुसरं टोक गाडीच्या तळाच्या पत्र्याला वेल्ड करा, तसा हा प्रकार. अ‍ॅम्बेसेडरला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. त्यात पत्रा वीस-पंचवीस पावसाळे खाल्लेला. वेल्डिंग पत्र्यासकट उपटून येईल, आणि ते घराच्या अंगणात येणार नाही, चढावर येईल.

दुसरी गोष्ट वळणाची. अर्धा अ‍ॅक्सल एकाच सांध्यावर हलायला लागला की चाक सरळ वर-खाली जात नाही, कमानीत फिरतं. जोरात वळताना मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडीचं शेपूट सुटतं. अमेरिकेत जनरल मोटर्सची शेव्हर्ले कॉर्व्हेअर १९६० साली अशाच रचनेची आली. तिचं इंजिनही मागेच होतं, म्हणून त्रास जास्त. १९६४ मध्ये कंपनीने तिला एक आडवा पाटा जोडला आणि १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. जनरल मोटर्सला जे निस्तरावं लागलं ते आमचा मिस्त्री गॅस कटरने एका दिवसात करणार, आणि मग भाचेसाहेब चिखलदऱ्याचा घाट चढणार.

अमेरिका लांब वाटत असेल तर मद्रासचं घ्या. तिथल्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनवली. तिला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन होतं, आणि तेही कंपनीने रीतसर आखलेलं, कापून जोडलेलं नव्हे. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्र्यांना ते रुचलं नाही. म्हणून १९७२ मध्ये त्याच गाडीची स्टँडर्ड गॅझेल झाली, तेव्हा कंपनीने ते काढून मागे सरळ अ‍ॅक्सल बसवला. म्हणजे तुम्ही जे करायला निघालात त्याच्या नेमकं उलटं, आणि तेही भारतातल्या रस्त्यांवर दहा-अकरा वर्षं गाडी विकून झाल्यावर. "कंपन्यांनी लपवलं" हा मुद्दा इथेच संपतो. हवं तर आणखी ऐका: फॉर्च्युनरला मागे आजही सरळ अ‍ॅक्सल आहे, स्कॉर्पिओ-एनलाही आहे. फोर्डने मस्टँगच्या सगळ्या मॉडेलांना इंडिपेंडंट दिलं ते २०१५ च्या गाडीपासून. लपवण्यासारखं यात काय आहे?

"ओझं जास्त उचलेल." नाही. सरळ अ‍ॅक्सलवर कितीही लादलं तरी दोन्ही चाकं रस्त्यावर उभीच राहतात, नळीच तशी आहे. व्हिडिओतल्या रचनेत मागे बूड बसलं की चाकं खालून फाकतात आणि टायर आतल्या कडेने खाऊन निघतात. भाच्याच्या गाडीत मागे संत्र्याचे कॅरेट असतात, लग्नसराईत सात-आठ माणसं. व्हिडिओतली गाडी रिकामी आहे, ड्रायव्हर एकटा आणि रस्ता सिमेंटचा. तीच गाडी पांदण रस्त्यावर चालवून दाखवा म्हणावं.

मायलेजवर शब्द वाया घालवत नाही. सांधे वाढले, लोखंड वाढलं, तर डिझेल कमी कसं लागेल?

"आरटीओची गरज नाही, कारण आरसीवर (नोंदणीपत्रावर) सस्पेन्शन लिहिलेलंच नसतं." हे वाक्य हुशार माणसाने लिहिलंय. सस्पेन्शन लिहिलेलं नसतं हे खरंच. पण रिकाम्या गाडीचं वजन आणि व्हीलबेस नोंदीत असतात, आणि मागचा सांगाडा बदलला की दोन्ही हलू शकतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कडक अर्थाने लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर आधी गाडीखाली वाकून बघेल.

आता मर्सिडीजचं. इंडिपेंडंट सस्पेन्शन आरामदायी असतं, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावं लागतं. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जात नाही, आणि डिफरन्शियलचं वजन चाकांबरोबर उड्या मारत नाही. जुन्या गाडीला ते बसवणारे जाणकारही जगात आहेत. ते जॅग्वारचा १९६१ पासूनचा मागचा संच अख्खा उचलतात. डिफरन्शियल, दांडे, ब्रेक सगळं एका मजबूत पिंजऱ्यात असतं, तो पिंजरा रबरी माउंटांवर बसतो. मग प्रोपेलर शाफ्ट नव्याने करायचा, पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ घालायचा, चाकांची सरळ रेषा मिलिमीटरमध्ये जुळवायची. त्यात ३५ हजारांचं काय येईल ते तुम्हीच ठरवा.

भाच्याची खरी तक्रार गाडी आदळते एवढीच आहे. मग पाटे खोल. पानापानांत गंज धरला की ती एकमेकांवर सरकत नाहीत आणि पाट्याची फळी होते. पानं घासून साफ कर, ग्रीस लाव, तुटलेलं पान बदल, बसलेला पाटा कमानवाल्याकडून बाक देऊन घे. शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि मागचे दोन्ही शॉकअप नवीन टाक. टायरमध्ये हवा ट्रकसारखी भरू नकोस. आणि दोन-चारशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घे, सैल राहिले तर पाट्याची पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो.