धुक्यावर खापर फोडण्याआधी

१५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले बेल ४०७ जातीचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळले आणि पायलटसह सातही जण मृत्युमुखी पडले. त्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले यात्रेकरूही होते. त्याआधी १८ ऑक्टोबर २०२२ रोजी याच मार्गावर, याच जातीचे हेलिकॉप्टर गरुडचट्टीपाशी डोंगरावर आदळले होते. तेव्हाही सात जण गेले. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी पुण्यात बावधनजवळून जुहूकडे निघालेले ऑगस्टा हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही मिनिटांतच पडले आणि दोन पायलट व एक अभियंता यांचा अंत झाला. तिन्ही वेळी ढग किंवा धुके होते, आणि तिन्ही वेळी ‘निसर्गापुढे कोणाचे काय चालते’ असे म्हणून आपण मोकळे झालो. माझा आक्षेप या मोकळे होण्यालाच आहे.

ढगात शिरल्यावर नेमके काय होते, हे आधी समजून घ्यायला हवे. बाहेर बघून उडवणाऱ्या पायलटला आपण सरळ आहोत की कललेले, हे क्षितिज सांगते. क्षितिज नाहीसे झाले की ते काम कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांवर येऊन पडते, आणि त्या या कामासाठी घडलेल्याच नाहीत. वळण एकसारखे चालू राहिले की पंधरावीस सेकंदांत नलिकांमधला द्रव नलिकांच्याच गतीने फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव पुसली जाते. यंत्र कललेलेच असते, पायलटला मात्र ते सरळ भासते. आणि त्याने ते खरोखर सरळ केले, तर आपण उलट बाजूला वळलो असे त्याला वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली केवळ उपकरणांकडे बघून उडवण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला लावले होते. विसांपैकी एकालाही ताबा टिकवता आला नाही, आणि ताबा सुटेपर्यंत सरासरी १७८ सेकंद गेले. विमान निदान काही काळ स्वतःहून सरळ जाते. स्वयंचलित स्थिरीकरण नसलेल्या हलक्या हेलिकॉप्टरला पायलटचा हात क्षणोक्षणी सावरत असतो, त्यामुळे तिथे एवढीही सवड मिळत नाही.

यावर ‘मग उत्तम उपकरणे बसवा, अनुभवी पायलट नेमा’ असे उत्तर हमखास येते. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासासजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांचा बळी घेणारा अपघात त्यासाठी पाहावा. ते हेलिकॉप्टर हलके नव्हते. दोन इंजिनांचे, स्वयंचलित नियंत्रण असलेले सिकॉर्स्की एस-७६ होते, आणि उपकरणांवर उडवण्याचे मानांकनही पायलटकडे होते. ‘ढगांच्या वर जाण्यासाठी चार हजार फुटांवर चढतो आहे’ असे त्याने नियंत्रकाला कळवले, आणि ते तो सांगत असताना हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली येत होते. ढगात शिरण्याचा निर्णय तपास यंत्रणेने मूळ कारणात धरला, पण त्यासाठी प्रवाशाने किंवा कंपनीने दडपण आणल्याचा पुरावा तिला मिळाला नाही. दडपण त्याने बहुधा स्वतःच स्वतःवर घेतले होते. नेहमीचा आणि मर्जीतला प्रवासी असला की त्याने काही न बोलताही त्याला पोहोचवायचेच, असे मनाने घेतलेले असते.

आता हे केदारनाथला लावून पाहा. मंदिर साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, मंदाकिनीची दरी अरुंद आहे आणि दरीतला ढग बघता बघता वाट बंद करतो. फाटा, सेरसी, गुप्तकाशी येथील हेलिपॅडवर पहाटेपासून रांगा लागलेल्या असतात, एका फेरीला मोजकी मिनिटे लागतात, आणि जितक्या फेऱ्या तितके उत्पन्न. आपल्या आधीचे हेलिकॉप्टर आत्ताच उतरले, मग आपल्यालाही जमेल, हा हिशेब पायलटच्या डोक्यात येणे अगदी स्वाभाविक आहे. २०२५ च्या अपघातानंतर ठरवून दिलेल्या वेळेआधीच उड्डाण केल्याच्या आरोपावरून संबंधित कंपनीच्या व्यवस्थापकांवर गुन्हा नोंदवला गेला. तो निकालात निघेल तेव्हा निघेल. पण वेळेआधी उडण्याची घाई एकट्या पायलटला सुचत असेल, असे मला वाटत नाही.

‘दृश्यमानता अचानक गेली’ हे विधान म्हणूनच मला अर्धवट वाटते. शेवटचा ढग अचानक येतोही, परंतु समोरची डोंगरधार पुसट होणे, उंची कमी करत करत ढगाखालून जावे लागणे, ही लक्षणे बहुधा आधी दिसलेली असतात. हेलिकॉप्टरला वेग कमी करता येतो, वळता येते, मोकळ्या जागी उतरता येते; पण हे सारे समोर दिसत असेपर्यंतच. ढगात जागच्या जागी तरंगत थांबणेही शक्य नसते, कारण ‘जागा’ कळायलाच खालची जमीन दिसावी लागते.

प्रवासी म्हणून आपला वाटाही काही कमी नाही. उड्डाण रद्द झाले की काउंटरवर आवाज चढवणारे आपणच, आणि प्रचाराच्या दिवसांत साहेबांची सभा चुकू नये म्हणून पायलटकडे चारचारदा विचारणा करणारे कार्यकर्तेही आपल्यातलेच. दरीत हवामानाचे कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष हवेतच, याबद्दल दुमत नाही. पण ‘पुढे जाणार नाही’ म्हणणाऱ्या पायलटची नोकरी आणि पगार शाबूत राहणार नसेल, तर कॅमेऱ्यात दिसलेल्या ढगाचा उपयोग तरी काय? माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कंपनीने हवामानामुळे किती फेऱ्या रद्द केल्या आणि किती अर्ध्या वाटेतून परत आणल्या, हे डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, महिन्याच्या महिन्याला जाहीर करावे. पावसाळ्याच्या तोंडावरही ज्या कंपनीच्या रकान्यात शून्य दिसेल, तिच्या हेलिकॉप्टरमध्ये मी माझ्या आईवडिलांना बसवणार नाही.