"38 मिनिटं उशीर" या रिव्ह्यूला ॲम्ब्युलन्स मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

काका रविवारी घरी आले, थोडं थोडं बोलायला लागले, हे तुम्ही रिव्ह्यूच्या शेवटी लिहिलंत. ते वाचून आम्हा सगळ्यांना खूप बरं वाटलं. त्या रात्री आमच्या टेक्निशियनचा आवाज चढला, त्याची मी माफी मागतो. घरातलं माणूस असं पडलेलं असताना बाहेरच्याने आवाज चढवून बोलायचं नसतं.

पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत, "आठ-दहाला फोन केला, गाडी 38 मिनिटांनी आली, आणि वर येऊन डॉक्टरांचंच ऐकेनात." हा 38 चा आकडा माझ्या घशाखाली उतरत नाही. बावीस वर्षं वडोदऱ्यात हे काम करतोय. दोन गाड्या आहेत, दोन्हींचे हप्ते चालू आहेत, आणि लोक आम्हाला बोलावतात ते वेळेवर येतो म्हणूनच. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन ओळखीच्यांनी मला फोन करून विचारलं, "काय झालं हो?" म्हणून फोनच्या नोंदी समोर ठेवून लिहितोय.

8:10 ला तुमच्या भावाचा फोन आला: वडील पडलेत, बोलणं अडखळतंय. 8:12 ला गाडी कारेलीबागेतून निघाली. 8:19 ला गाडी कोठी चार रस्त्यावर असताना त्यांचाच दुसरा फोन: "येऊ नका, हेल्पलाइनच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, बीपी वाढलंय, गोळी देऊन झोपवायला सांगितलंय." कोठीपासून दांडिया बाजारातली तुमची गल्ली किती लांब? तीन-चार मिनिटं. ड्रायव्हरने मला विचारलंसुद्धा, "शेठ, तरी जाऊन बघून येऊ का?" मीच म्हटलं, घरचे नको म्हणतायत, परत ये. ते मला अजून टोचतंय. 8:37 ला पुन्हा फोन आला, तो तुमचा होता, तुम्ही रडत होतात. 8:48 ला गाडी तुमच्या दारात उभी होती. अकरा मिनिटं लागली, ताई. मधली अठरा मिनिटं तुमच्या घरी त्या फोनवरच्या सल्ल्यावर गेली आणि रिव्ह्यूत ती आमच्या नावावर लागली.

आता वरच्या मजल्यावर काय झालं ते. तुमचा जिना उभा, लाकडी, कठड्याच्या जागी दोरखंड. स्ट्रेचर वळणार नाही म्हणून दोघं खुर्ची घेऊन चढले. काका उशीला टेकून बसलेले, आईंच्या एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात चमचा, चमच्यात कुटलेली गोळी. एक घोट आधीच पाजून झाला होता, आणि तो तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून बनियन भिजली होती. आमच्या टेक्निशियन मुलाने आधी ती बनियन पाहिली, मग चेहरा. डावा हात उचलायला सांगितला, तो उचलेना. बीपी 190/104, शुगर 148. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडून सांगणं चालू होतं: अजून अर्धी द्या, एक जिभेखाली ठेवा, बीपी उतरलं की माणूस ठीक होईल, उगाच हॉस्पिटलात नेऊ नका.

आमच्या मुलाने आईंच्या हातातला चमचा बाजूला ठेवला. तुम्ही लिहिलंत "हिसकावला". हिसकावला असेल तर त्याचीही माफी मागतो, पण ठेवला ते योग्यच केलं. लकव्याचा झटका आला की गिळण्याची ताकद जाऊ शकते. पोटात जायचं पाणी फुप्फुसात जातं. आणि अशा वेळी बीपी चढतं ते पुष्कळदा मेंदूला रक्त कमी पडतंय म्हणून. घरच्या घरी ते एकदम उतरवलं तर मेंदूचं नुकसान वाढतं. ते किती उतरवायचं, कधी, कशाने, हे सीटी स्कॅन बघून हॉस्पिटलात ठरतं. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, आमच्या मुलाला नाही आणि फोनवरच्यांना तर नाहीच. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या साडेचार तासांतली सात मिनिटं आमच्या माणसाने पलंगापाशी उभं राहून फोनशी वाद घालण्यात घालवली. त्याचा आवाज तिथे चढला.

त्याने त्यांना नाव विचारलं. ते म्हणाले, "तू कोण मला विचारणारा?" आणि फोन ठेवला. फोनवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांसाठी मार्च 2020 चे टेलिमेडिसिनचे नियम आहेत. डॉक्टरने आधी आपलं नाव आणि शिक्षण सांगायचं. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून प्रथमोपचार आणि जीव वाचवण्यापुरतंच सांगायचं आणि लवकरात लवकर प्रत्यक्ष दाखवायला पाठवायचं. फोनवरचा प्रत्येक सल्ला वाईट असतो असं मी म्हणत नाही. छाती कशी दाबायची हे फोनवरून नीट सांगितलं तर माणूस वाचतो. पण "हॉस्पिटलात नेऊ नका" हे न बघता सांगणारा माणूस खरंच डॉक्टर होता का, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

आमच्यावर याचा काय परिणाम होतो तेही सांगतो, कारण ते कुणी विचारत नाही. मागच्या वर्षी मांजलपूरला एका लहान मुलाने रॉकेल प्यायलं होतं. फोनवर कुणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला सांगितलं, आणि आम्ही पोहोचेपर्यंत दोन उलट्या झालेल्या. उलटीबरोबर रॉकेल श्वासनलिकेत जातं, म्हणून उलटी कधीच करवायची नसते. तेव्हाही घरचे आमच्यावरच चिडले, की डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही का थांबवता. तुमच्या घरून निघाल्यावर, काकांना इमर्जन्सीत सोपवून हा मुलगा गाडीच्या पायरीवर बसला आणि त्याने मला फोन केला: "पुढच्या वेळी फोनवरच्याचं ऐकू का? ऐकलं आणि पेशंट गुदमरला तर मी गेलो, नाही ऐकलं तर मी उद्धट." तुमचा रिव्ह्यू त्याने वाचला आणि दोन दिवस कामावर आला नाही. सहा वर्षांत त्याने अशी सुट्टी कधी घेतली नव्हती.

पैशांबद्दल: 1,800 रुपये एकाच फेरीचे घेतले, कोठीवरून परत आलेल्या फेरीचे घेतले नाहीत. पावती त्याच रात्री द्यायला हवी होती, ती चूक आमची. आणि 108 गुजरातमध्ये 2007 पासून मोफत आहे. आम्हाला फोन करणाऱ्यांना मी स्वतः सांगतो, ती जवळ असेल तर आधी तिला बोलवा.

यापुढे कुणी गाडी रद्द केली तर आमच्याकडचा माणूस आधी विचारेल: तोंड वाकडं झालंय का, हात उचलता येत नाहीये का. होय म्हणाले तर गाडी परत फिरणार नाही. बोलण्याच्या पद्धतीबद्दलही मुलांशी बोललोय, बघतो. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. फक्त तुमच्या भावाच्या फोनमध्ये 8:19 चा कॉल असेल, तो एकदा बघा आणि 38 चा आकडा तेवढा बदला.

शेवटी तुम्ही लिहिलंत की काकांची कवळी हरवली. ती आमच्या मुलानेच काढली होती, सैल होऊन श्वासनलिकेत अडकू नये म्हणून. गाडीच्या ड्रॉवरमध्ये डबीत ठेवलेली सापडली. धुऊन ऑफिसात ठेवलीय. उद्या संध्याकाळी सहानंतर पावतीबरोबर घरी पाठवतो. आईंना सांगा, कुणाला जिना उतरायला लावू नका, आमचा माणूस वर येईल.